कोचीला अर्धा दिवस पुरतो का? (नागपूरहून आई-बाबांना घेऊन जातेय)

केशरी_संत्रं
नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की आई-बाबांना घेऊन केरळला जायचं नक्की केलंय, मी, नवरा आणि ते दोघं. टूरवाल्याने जो कागद पाठवला त्यात मुन्नार दोन रात्री, थेक्कडी एक, अलेप्पीला हाऊसबोट एक, आणि कोची म्हणजे शेवटच्या दिवशी विमानाच्या आधी अर्धा दिवस. त्यातच मासेमारीची चायनीज जाळी, चर्च, डच पॅलेस, ज्यू टाऊन आणि खरेदी, सगळं दुपारी दोनच्या आत. तो दिवस शुक्रवार येतो.

माझी अडचण अशी की बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायचे, फळ्यावर भारताचा नकाशा न बघता काढायचे आणि पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं पोरांकडून वरून खाली म्हणून घ्यायचे, कांडला मुंबई मार्मागोवा मंगळूर कोची. त्यातलं मुंबई सोडून एकही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ते काही मागणारे नाहीत, पण कागद वाचून एवढंच म्हणाले, "कोचीला मुक्काम नाही का?" तेव्हापासून मला चैन नाही. बाबा ७१ चे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालतात पण हळू. अर्धा दिवस पुरेल की मुन्नारची एक रात्र काढून टाकू? ज्यांनी नीट पाहिलंय त्यांनी सांगा प्लीज.

अभ्यंकरनगर
ताई, दिवस किती ते नंतर बघू, आधी वार बदला. शुक्रवारी मट्टनचेरीचा राजवाडा, ज्याला डच पॅलेस म्हणतात तो, बंद असतो, आणि ज्यू टाऊनमधलं सिनगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस पर्यटकांना बंद. म्हणजे तुमच्या कागदावरच्या चारातल्या दोन मोठ्या जागा तुम्ही बाहेरून बघून परत येणार. शिवाय रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा आत फिरता येत नाही. सोमवार ते गुरुवार धरा. सिनगॉगला दुपारची सुट्टी असते, ती सांभाळून जा, आणि खांदे झाकतील असे कपडे घाला.

रिंगरोडवाला
मी वेगळं सांगतो, राग मानू नका. आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, फोर्ट कोची तासाभरात संपलं. ती जाळी फोटोत जेवढी भारी दिसतात तेवढी नाहीत, काही तर मोडून पडलेली, खाली पाण्यात जलपर्णी आणि कचरा, वास येत होता. एका माणसानं मुलाच्या हातात दोर दिला, ओढ म्हणाला, आणि लगेच पैसे मागितले. आईला तर उलटीसारखं झालं. आम्ही म्हटलं चला मुन्नारला. म्हातारी माणसं सोबत असताना थंड हवा बरी, असं माझं प्रामाणिक मत आहे.

त्रिशूर_ते_त्रिमूर्तीनगर
दादा तुमचं खोटं नाही. मी मूळचा तिकडचा, जन्म आणि शाळा नागपूरची, दरवर्षी आजोळी जाताना कोचीत उतरतो, आणि जाळ्यांची ती अवस्था बघून मलाही दरवेळी वाईट वाटतं. पावसाळ्यानंतर जलपर्णी वाहून येते आणि जाळ्यात मासळीपेक्षा तीच जास्त येते. जाळ्याचे खांब सागवानाचे, ते बदलायचे म्हणजे मोठा खर्च, आणि मासा पूर्वीसारखा मिळत नाही, मग ज्याचं जाळं आहे तो पर्यटकाकडे हात पसरणार नाही तर काय करेल. पण तुम्ही दुपारी गेला असाल. पहाटे सहाला जा आणि फक्त अर्धा तास एका जागी उभं राहून ते चालतं कसं ते बघा. मोठी लाकडी चौकट, पुढे जाळं पसरलेलं, मागे दोरांना एकाखाली एक दगड लटकवलेले. तोल इतका अचूक की एक माणूस मधल्या वाशावरून पुढे चालत गेला तरी सगळा सांगाडा वाकतो आणि जाळं पाण्यात उतरतं. मग चार-पाच जण दोर ओढतात, एकेक दगड खाली येऊन टेकतो आणि जाळं वर येतं. इंजिन नाही, काही नाही. मल्याळममध्ये याला चीनवला म्हणतात, वला म्हणजे जाळं. चिनी व्यापाऱ्यांनीच आणलं असं तिथे सांगतात, आणि पोर्तुगीजांनी मकाऊवरून आणलं असंही काही अभ्यासक म्हणतात.

ताई, माझं उत्तर: दोन रात्री फोर्ट कोचीत. एर्नाकुलममध्ये हॉटेल घेऊ नका, ते मोठं शहर आहे, आपल्या नागपुरात धंतोलीत राहून जुना महाल भाग बघायला रोज जाण्यासारखं होईल, मध्ये खाडी वेगळी.

इतवारी_गादी
ताई, मी मसाल्याच्या धंद्यातला, इतवारीत आमची गादी हाये, वडिलांपासून. कोचीला मी फिराले नाही तर मालासाठी गेलो होतो, पण जे पाह्यलं ते अजून डोळ्यासमोर आहे म्हणून लिहून राहिलो. टूरवाले ज्यू टाऊनच्या त्या एका गल्लीत नेतात, दुकानात काचेच्या बरण्या लावलेल्या असतात, तिथं घ्या काही हरकत नाही पण भाव पर्यटकाचा. तिथून बाहेर निघून बाजार रोडनं पायी चालत जा. दोन्ही बाजूनं जुन्या वखारी, मागचं दार सरळ पाण्यावर, म्हणजे होडीतून माल उतरवायचा आणि पुढच्या दारानं गाडीत भरायचा अशी रचना. पोत्यात सुंठ, मिरी, वेलची, जायपत्री. सुंठेच्या वखारीत शिरलो की डोळ्याले पाणी येते. आमच्या धंद्यात "कोचीन सुंठ" हा आजही वेगळा माल म्हणून ओळखला जातो, आणि मिऱ्यात मलबार गार्बल्ड म्हणजे निवडून साफ केलेली मिरी. मिऱ्याचा दर्जा आम्ही लिटर वेटवर पाहतो, एक लिटर मापात दाणा किती ग्रॅम भरते ते. भरीव दाणा जड भरते, पोचट हलका. ज्यू टाऊनमध्येच मिऱ्याचा वायदेबाजार होता, हॉलमध्ये दलाल लोक ओरडून ओरडून भाव बोलायचे, आता तो आवाज राह्यला नाही.

आणि एक गोष्ट. ज्या मिऱ्यासाठी पोर्तुगीज आला, डच आला, इंग्रज आला, ती मिरी कोचीत पिकत नाही राजेहो. ती मागच्या डोंगरात, इडुक्की वायनाडकडे. कोचीनं फक्त ती गोळा केली आणि जहाजात चढवली. तुमच्या बाबांले हे सांगा, त्यांले आवडंल.

मास्तर_निवृत्त
इतवारीचे भाऊ, छान लिहिलंत. मी इतिहास शिकवायचो, थोडी भर घालतो कारण ताईंचे वडील आमच्याच जातकुळीचे दिसतात.

कोची हे फार जुनं बंदर नाही. जुनं बंदर मुझिरिस, कोचीच्या उत्तरेला पेरियार नदीच्या मुखाजवळ, जिथे रोमन जहाजं मिऱ्यासाठी यायची. १३४१ साली पेरियारला प्रचंड पूर आला, गाळानं तिकडचं मुख भरलं आणि कोचीजवळ खाडीचं तोंड मोकळं झालं असं मानतात. म्हणजे एका पुरानं एक बंदर बुडवलं आणि दुसरं जन्माला घातलं. पुढे १५०० मध्ये पोर्तुगीज आले, कोचीच्या राजाचं आणि कालिकतच्या सामुतिरीचं, म्हणजे तिथल्या राजाचं, वैर होतंच, त्याचा फायदा घेऊन १५०३ मध्ये त्यांनी इथे किल्ला बांधला, भारतात युरोपियनांनी बांधलेला पहिला किल्ला तो. त्याचे आता किरकोळ अवशेष आहेत, फोर्ट कोचीत फोर्ट शोधत बसू नका. १६६३ ला डच, १७९५ ला इंग्रज.

हा सगळा क्रम एकाच इमारतीत बघायचा असेल तर सेंट फ्रान्सिस चर्च. पोर्तुगीजांनी बांधलं तेव्हा कॅथलिक, डचांनी घेतल्यावर प्रोटेस्टंट, इंग्रजांच्या काळात अँग्लिकन, आज चर्च ऑफ साऊथ इंडियाकडे. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरात कोचीतच वारला, त्याला इथेच पुरलं, १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले. जमिनीतली ती शिळा आहे. पण मी तिथे जास्त वेळ वर बघत होतो, छताला कापडाचे लांब पंखे टांगलेत आणि त्यांचे दोर भिंतीतून बाहेर गेलेत. बाहेर उन्हात बसून कुणीतरी ते ओढायचा आणि आत साहेबाला वारा लागायचा. त्या माणसाचं नाव कुठल्याच शिळेवर नाही.

अजनी_क्वार्टर
मास्तर, तुमच्या शेवटच्या ओळीवरून लिहावंसं वाटलं. सिनगॉगबद्दल सगळे टाइल्स आणि झुंबरं सांगतात. ते आहेच, १५६८ चं सिनगॉग, फरशा चीनमधून कँटनहून आणलेल्या, निळ्यापांढऱ्या, हातानं रंगवलेल्या म्हणून एकसारखी दुसरी नाही, झुंबरं बेल्जियमची, आणि बाहेरच्या १७६० च्या मनोऱ्यावर घड्याळात हिब्रू, रोमन आणि मल्याळम आकडे. पण गाईड जे सांगत नाहीत ते असं, की हे परदेशी म्हणजे बाहेरून आलेल्या गोऱ्या ज्यूंचं सिनगॉग, आणि त्यांच्यातच ज्यांचे पूर्वज गुलामीतून मुक्त झालेले होते त्यांना आत बरोबरीनं बसायचा हक्क नव्हता, दारापाशी बसायचं. त्याच गटातले एक वकील ए. बी. सालेम, त्यांनी गांधींचा मार्ग घेऊन स्वतःच्याच प्रार्थनास्थळात सत्याग्रह केला. लोक त्यांना ज्यू गांधी म्हणायचे. आपल्याकडे १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या दारात लोक बसले होते, आणि तिकडे एवढ्याशा समाजात पण तीच लढाई. मी दीक्षाभूमीच्या सावलीत वाढलेला माणूस, मला ती फरशी बघताना हेच डोक्यात होतं की यावर कोण बसलं आणि कोण नाही. आज समाज इस्राएलला गेला, उरलेले बोटावर मोजण्याइतके. अंगणाच्या भिंतीत १३४४ चा एक हिब्रू शिलालेख बसवलाय, कोचंगाडीच्या जुन्या सिनगॉगचा, तो शोधून नक्की बघा, बहुतेक जण त्याच्यासमोरून तसेच निघून जातात.

रेन_ट्री
आर्किटेक्चरला आहे, गेल्या वेळी बिनालेला गेले होते मैत्रिणींसोबत (कोची-मुझिरिस बिनाले, मोठं कलाप्रदर्शन, १२-१२-१२ ला सुरू झालं, ॲस्पिनवॉल हाऊस आणि आसपासच्या जुन्या वखारीत भरतं, ज्या वर्षी असेल त्या वर्षी डिसेंबरात जा). मट्टनचेरी पॅलेस बाहेरून बघून निराश होऊ नका, साधं दुमजली घर वाटतं. पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून राजाला दिला, डचांनी दुरुस्त केला म्हणून नाव डच. म्हणजे नावात डच, बांधणारे पोर्तुगीज, राहणारा कोचीचा राजा, मधल्या अंगणात भगवतीचं देऊळ आणि पलीकडे सिनगॉग. आत राजाच्या शयनगृहात भिंतभर रामायण रंगवलंय, केरळी शैली, मातकट लाल, पिवळा, हिरवा, आणि एक इंच जागा रिकामी सोडलेली नाही. खालच्या खोल्यांत पण भित्तिचित्रं आहेत, काही अर्धवट राहिलेली, नुसत्या रेषा दिसतात. मला तीच सगळ्यात आवडली कारण हात कसा चालला ते कळतं. काकांना जिने चढायला त्रास होईल तर सावकाश, गर्दीच्या आधी सकाळी.

अभ्यंकरनगर
जिन्यावरून आठवलं. बाबांसाठी एर्नाकुलम-फोर्ट कोची रस्त्यानं टॅक्सी करू नका, पाण्यानं जा. सरकारी फेरी किरकोळ तिकिटात जाते पण चढता-उतरताना बोट हलते, पाय मोठा टाकावा लागतो. वॉटर मेट्रो घ्या, २०२३ मध्ये सुरू झाली, हायकोर्टहून फोर्ट कोचीला येते, बॅटरीवरची बोट, एसी, आणि धक्काच तरंगता असल्यामुळे बोट आणि फलाट एका पातळीला राहतात. माझी आई काठी घेऊन चढली. आणि नागपूरहून केरला एक्स्प्रेस जाते, तीस तासांच्या आसपास लागतात, विमान नको असेल तर तीही बघा. आपल्या उन्हाची सवय आहे म्हणून तिथलं ऊन सोपं समजू नका, तिथे घाम वाळतच नाही. दुपारी बारा ते तीन खोलीत.

मास्तर_निवृत्त
मराठी माणसाने कोचीत आवर्जून बघावं असं अजून एक. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्याहून निघालेले गौड सारस्वत कोचीत स्थायिक झाले, मट्टनचेरीत चेरलाईला त्यांचं मोठं तिरुमला देवस्थान आहे. आज पण घरात कोंकणी बोलतात. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंड लिहवून घेतले, हॉर्टस मलबारिकस, १६७८ पासून ॲमस्टरडॅमला छापले. त्यात इट्टी अच्युतन नावाच्या ईळव समाजातल्या वैद्याचं ज्ञान आहे आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचंही. त्या तिघांचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात आहे, कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅममध्ये छापलेली आपली अक्षरं! मी वर्गात हे सांगितलं की पोरं मान वर करायची.

त्रिशूर_ते_त्रिमूर्तीनगर
बरोबर सर. आणि फक्त सारस्वत नाहीत, दोन-तीन किलोमीटरच्या आत गुजराती रोड, जैन देरासर जिथे दुपारी कबुतरांना दाणे टाकतात, कच्छी मेमन, तमिळ वण्णार समाजाचा धोबीखाना. डचांनी सैन्याचे कपडे धुवायला त्यांना आणलं असं तो समाज सांगतो. तिथे कपडे वाळत घालायला चिमटे नाहीत, दोन दोर पिळून त्या पिळात कपड्याचं टोक खुपसतात, वाऱ्यानं हलत नाही. कोळशाची इस्त्री अजून आहे. परवानगी विचारून आत जा, काम चालू असतं, ते प्रदर्शन नाही. आणि पोर्तुगीजांचं काय काय उरलंय ते भाषेत बघा, मल्याळममध्ये मेजाला मेशा, खुर्चीला कसेरा, खिडकीला जनल. आपणही बटाटा, चावी, पगार, अननस त्यांचेच वापरतो की.

रिंगरोडवाला
हे सगळं वाचून खरंच वाटतंय की आम्ही कोची पाहिलंच नाही, फक्त जाळी पाहिली. ताई, मुन्नार जास्त ठेवा म्हणालो होतो ते परत घेतो.

केशरी_संत्रं
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. टूरवाल्याशी बोलले, थेक्कडी काढून टाकली, मुन्नारला दोन रात्री तशाच ठेवल्या आणि कोची रविवार संध्याकाळ ते बुधवार सकाळ केलं. तो थोडा नाराज झाला पण केलं. एकच विचारते, बाबांना खुद्द बंदर बघायचंय, म्हणजे जहाजं, क्रेन, तसं काही. आत जाऊ देतात का?

मास्तर_निवृत्त
आत नाही, पण पाण्यावरून सगळं दिसतं. आणि त्यांना हे सांगा, पुस्तकात आपण "कोची नैसर्गिक बंदर" शिकवलं ते अर्धंच खरं. खाडी नैसर्गिक, पण तोंडाशी वाळूचा मोठा दांडा होता, मोठी जहाजं बाहेर समुद्रातच थांबायची. रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज इंजिनिअर १९२० मध्ये आला, तो दांडा ड्रेजरने कापला, १९२८ मध्ये मोठं जहाज आत आलं. आणि जो गाळ उपसला त्यातून विलिंग्डन बेट उभं केलं. बेटावर बंदर, रेल्वे, नौदल, सगळं आलं. फेरीत बसलं की एका बाजूला ते बेट, दुसऱ्या बाजूला वल्लारपाडमचं कंटेनर टर्मिनल.

केशरी_संत्रं
परत आलो. उशीर झाला लिहायला, घरी पाहुणे होते.

सगळं सांगत नाही, तुम्ही सांगितलेलंच बघितलं. पहाटे जाळी बघितली, चार माणसं दोर ओढत होती, जाळ्यात थोडे मासे आणि बरीच जलपर्णी, पण तो वाशावर चालणारा माणूस बघून बाबा कितीतरी वेळ हलले नाहीत. सिनगॉगमध्ये अजनी_क्वार्टर यांनी सांगितलेली गोष्ट मी आईला सांगितली, ती बाकावर बसणार होती, मग दारापाशी जाऊन बसली, मला काही बोलली नाही. शिलालेख सापडला. राजवाड्यातली अर्धवट चित्रंही. बाजार रोडवर सुंठ घेतली, इतवारीचे काका, वास अजून बॅगेत आहे. चेरलाईच्या देवळाबाहेर आई एका आजींशी बोलत बसली, आई मराठीत आणि त्या कोंकणीत, मधेमधे मल्याळम यायचं तेव्हा दोघी थांबायच्या आणि हातानं दाखवायच्या, मला वाटतं आमटीत नारळ कधी घालायचा यावर चाललं होतं.

धोबीखाना राहिला, बाबांचा गुडघा दुखत होता. पण वॉटर मेट्रो त्यांनी तीनदा केली, दोनदा काहीच काम नसताना. शेवटच्या संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावरच्या फुटपाथवर बसलो होतो, तेवढ्यात एक कंटेनरचं जहाज समुद्रातून आत आलं. तिथे जहाजाचा मार्ग किनाऱ्याच्या इतका जवळ आहे की एखादी इमारत चालत गेल्यासारखं वाटतं. सगळे मोबाईल काढून उभे राहिले. बाबा उठले, कठड्यापर्यंत गेले, आणि जहाज पुढे सरकून मागची बाजू दिसायला लागली तेव्हा चष्मा सारखा करून तिथे लिहिलेलं नोंदणीच्या बंदराचं नाव मोठ्यानं वाचलं, "मोनरोव्हिया." मग मागे वळून आईला सांगितलं, लायबेरियाची राजधानी, अटलांटिकवर आहे.